तंबूतली रात्र दरवेळी का बिघडते? पवनेकाठी बिऱ्हाडासह जाण्याआधीच्या तपासण्या

आधी लक्षणं. यातली दोन जरी ओळखीची वाटली तरी पुढचं तुमच्यासाठी आहे.

रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि शेजारच्या स्पीकरचा ठोका थेट जमिनीतून पाठीला लागतोय. पोर रडून रडून आत्ता कुठे झोपलंय, तेवढ्यात बाहेर कुणीतरी तंबूच्या दोरीला अडखळून आपल्याच अंगावर येऊन पडतं आणि "सॉरी ब्रो" म्हणून निघून जातं. टॉयलेट पन्नास पावलांवर. वाटेत दिवा नाही, पुढे रांग, आत बादली आहे पण टमरेल नाही. जाहिरातीत तंबूच्या दारात पाणी होतं. इथेही पाणी दिसतंय, पण मधे भेगाळलेल्या चिखलाचं भलंमोठं मैदान. ज्याला पैसे पाठवले तो माणूस इथे कुणालाच माहीत नाही. पहाटे पांघरुणं ओली, कारण पाऊस नसतानाही तंबू आतून पाझरतोय. परतताना गाडीत सगळे गप्प. सासूबाई तेवढ्या म्हणतात, "पोहे बरे होते हो."

मी चिंचवडला राहते. सोसायटीतल्या सहा-सात घरांची तंबूतली रात्र ठरवायचं काम गेली नऊ वर्षं माझ्या गळ्यात आहे. बहुतेक वेळा पवना धरणाचा काठ, कधी भंडारदरा, थंडीत एखाद्या वेळी नागाव-काशीदचा समुद्र. वरची सगळी लक्षणं मी भोगली आहेत, काही तर दोनदा. सुरुवातीला वाटायचं जागाच वाईट. आता वाटतं, जागा बऱ्याचदा ठीक असते. चुकतो तो वार, चुकतो तो महिना आणि चुकतो तो फोनवर विचारलेला प्रश्न. गेटच्या आत शिरल्यावर फार थोडं दुरुस्त होतं. म्हणून फुकटातल्या तपासण्या आधी आणि खर्चाच्या नंतर लावल्यात. बऱ्याच जणांचं काम पहिल्या चारांतच होईल.

१. वार बदला

शनिवारची रात्र सोडा, रविवारची घ्या. एवढं एक केलं तरी निम्मी तक्रार संपते, वर पैसे वाचतात.

पवनेकाठचा तंबू साधारण दुपारी तीन-चारला मिळतो आणि दुसऱ्या दिवशी अकराला सोडावा लागतो. शनिवारी मुंबई-पुण्याहून ऑफिसचे, कॉलेजचे, वाढदिवसाचे, लग्नाआधीच्या 'बॅचलर'चे ग्रुप उतरतात, कारण दुसरा दिवस त्यांना झोपून काढता येतो. रविवारी संध्याकाळी तेच मैदान रिकामं असतं. तोच स्वयंपाकी, तीच कांदाभजी, फक्त साठाऐवजी दहा तंबू, आणि ढणाढणा स्पीकर लावावा एवढा मोठा घोळकाच नाही. दरही सहसा उतरलेला असतो. सोमवारची एक रजा जाते आणि शाळेला चिठ्ठी द्यावी लागते, हे खरं आहे. ते जमत नसेल तर दिवाळीच्या सुट्टीतला मधला वार धरा.

३१ डिसेंबर आणि जोडून आलेल्या सुट्ट्या, या दिवशी पोरंबाळं घेऊन जाऊच नका. जागेनं पाटीवर कितीही मोठ्या अक्षरात 'फॅमिली ओन्ली' लिहिलेलं असू दे. त्या रात्री तुमची जागा शांत असून भागत नाही, कारण आवाज शेजारच्या जागेतून येतो. कसा, ते तिसऱ्या तपासणीत.

२. महिना बघा

पवना धरण पावसाळ्याच्या शेवटी भरतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी काठोकाठ, समोर तुंग आणि तिकोना हे किल्ले हिरवेगार. जाहिरातीतले बहुतेक फोटो याच दिवसांतले. पुढे हेच पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून उचलून पिंपरी-चिंचवडच्या नळांना जातं. म्हणजे एप्रिल-मेमध्ये पाणी तंबूपासून लांब गेलेलं दिसलं तर त्यात आमच्या आंघोळींचाही वाटा आहे, मालकाशी भांडून उपयोग नाही. पोरांना 'तळ्याकाठी जायचंय' असं सांगून नेणार असाल तर ऑक्टोबर ते जानेवारीतच न्या.

थंडीत मात्र त्या पहाटेच्या पाझरण्याची गाठ पडते. ते तंबू फाटल्यामुळे नसतं. आत झोपलेल्या चौघांच्या श्वासातली वाफ बाहेरून गार पडलेल्या कापडाला लागते आणि तिचं पाणी होतं. थंडीला घाबरून लोक सगळ्या चेन गच्च बंद करतात आणि मग भिजतात. वरची जाळी दोन बोटं का होईना उघडी ठेवायची आणि पांघरुणं कापडाला टेकू द्यायची नाहीत.

भंडारदऱ्याला लोक काजव्यांसाठी जातात, मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत. त्या दिवसांतल्या शनिवारी इतक्या गाड्या येतात की हेडलाईटच्या उजेडात काजवेच दिसेनासे होतात. जायचंच तर मधल्या वारी, आणि अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या वेळा आणि नियम आधी विचारून.

समुद्रकाठी महिन्यापेक्षा तिथी महत्त्वाची. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, ती एरवीपेक्षा बरीच वर येते. संध्याकाळी ओहोटी बघून वाळूत हौसेने लावलेला तंबू मध्यरात्री पाण्यात, हे नागावला आमच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या एका ग्रुपचं झालंय. वाळलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची जी वरची रेघ दिसते, तिच्याही वर, सुरूच्या झाडांच्या बाजूला झोपायचं.

३. नकाशा आणि अभिप्राय, चहा पिता पिता

अभिप्राय वाचताना सरासरी तारे बघूच नका. आधी 'नवीन आधी' लावा, मग 'कमी तारे आधी'. गेल्या तीन महिन्यांतल्या एका-दोन ताऱ्यांच्या तक्रारी वाचा आणि त्यात म्युझिक, वॉशरूम, स्टॅग (म्हणजे नुसत्या पोरांचा ग्रुप), ड्रंक हे शब्द शोधा. जेवण बेचव होतं या तक्रारीकडे मी दुर्लक्ष करते. घरून लाडू-चिवडा नेता येतो, शांतता नेता येत नाही. पाच तारे देणाऱ्या आठ जणांनी एकाच आठवड्यात एकाच 'दादां'चं नाव घेऊन कौतुक केलेलं असेल तर ते अभिप्राय तिथेच चेक-आऊटच्या वेळी लिहून घेतलेत असं समजा.

फोटो मालकाचे नकोत, पाहुण्यांचे बघा, तारखेसकट. नंतर नकाशा उपग्रहाच्या दृश्यावर टाका. टॉयलेटचं छप्पर कुठे, तंबूंची रांग कुठे, पाणी कुठे, हे ओळखू येतं. बोट दाबून अंतर मोजता येतं, तेही मोजा.

आणि आजूबाजूला किती जागा आहेत ते मोजा. हा भाग लोक हमखास विसरतात. दिवसा जमीन आणि तिच्यालगतची हवा तापलेली असते, आवाज वर निघून जातो. ऊन गेलं, वारा पडला की जमिनीलगतची हवा आधी गार होते आणि वरची उबदार राहते. मग वर निघालेला आवाज वळून पुन्हा खाली येतो, आणि पाण्यावर त्याला अडवायला ना झाड ना भिंत. त्यामुळे पलीकडच्या काठावरचं 'झिंगाट' आपल्या काठावर शब्दन् शब्द ऐकू येतं. म्हणून पवनेकाठी ठाकूरसाई-आंबेगावच्या बाजूला खेटून खेटून असलेल्या जागांपैकी मधली जागा मी घेत नाही. वस्तीच्या कडेची, एखाद्या खाचेतली किंवा टेकाडाआडची जागा, जिथून समोरचा काठ कमी दिसतो, ती बघते. देखावा थोडा कमी मिळतो. चालतं.

४. फोन, आणि एक उलटा फोन

"फॅमिलीसाठी चांगलं आहे ना?" असं विचारलंत तर फोन वाया गेला. याला 'नाही' म्हणणारा मालक मला नऊ वर्षांत भेटलेला नाही. आकडे विचारा. माझा एक फोन साधारण असा होता:

"दादा, येत्या शनिवारी किती तंबू लागणार आहेत?"
"ताई, फुल्ल हाय. साठेक लागतील."
"त्यातल्या फॅमिली किती?"
"…हायेत की. असतात."
"टॉयलेट किती आहेत?"
"चार. एक जरा बंद हाय."

साठ तंबूंत दीडशे माणसं धरली तर एका टॉयलेटमागे पन्नास. माझा ठोकताळा असा: दहा-बारा माणसांमागे एक ठीक, वीसच्या पुढे गेलं की फोन ठेवायचा. दिवसभर काही जाणवत नाही हो. सकाळी सात ते नऊ सगळे एकदम उठतात, त्या दोन तासांचा हा हिशेब आहे. बायकांचं वेगळं आहे का, आतून कडी लागते का, रात्रभर दिवा असतो का, पाणी टाकीतून येतं की बादलीनं आणावं लागतं, हेही विचारा. मालकाला प्रश्न क्षुल्लक वाटतात. सासूबाईंना रात्री दोनला वाटत नाहीत.

दारूचं स्पष्ट विचारा. "आम्ही देत नाही, पण तुम्ही आणू शकता" हे उत्तर सगळ्यात जास्त वेळा मिळतं, आणि त्याचा अर्थ तिथे सगळेच आणतात. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची आहे. कॉलेजच्या पोरांना हे विचारणारं तिथे कुणी नसतं. दारू चालणारी जागा वाईटच असं मी म्हणणार नाही. पण मग शेकोटीची जागा आणि झोपायचे तंबू यांत अंतर किती, आणि रात्री जबाबदार माणूस तिथेच झोपतो की घरी जातो, हे कळलं पाहिजे.

आता उलटा फोन. दोन दिवसांनी माझा भाचा दुसऱ्या नंबरवरून त्याच जागेला विचारतो: "भाऊ, आम्ही आठ पोरं आहोत, स्वतःचा स्पीकर आणतो, दोन-अडीचपर्यंत चालेल ना?" मला जी जागा "आपल्याकडं फॅमिलीच असते ताई" म्हणाली होती, तीच त्याला म्हणाली, "बिनधास्त या, फुल धमाल." एका वाक्यात निकाल. याउलट एका मालकानं त्याला सरळ सांगितलं, "स्टॅग ग्रुप आम्ही घेत नाही, आणि दहानंतर स्पीकर माझ्याकडं जमा होतो." त्या जागेला आम्ही आजवर चारदा गेलो आहोत.

दहाचा आकडा त्यानं मनाने काढलेला नव्हता. ध्वनिप्रदूषण नियम, २०००प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातल्या मोजक्या दिवसांची सवलत सरकार जाहीर करतं, ती सण-उत्सवांसाठी. कुणाच्या वाढदिवसासाठी नाही.

५. पैसे पाठवण्याआधी

एकच मैदान चार वेगवेगळ्या नावांनी, चार एजंटांकडून विकलं जातं. तुम्ही बुक करता फोटोतलं 'लेक व्ह्यू' आणि जागा भरली की तुम्हाला शेजारच्या मैदानात ढकलतात. आमचं एकदा असंच झालं: काळे कॉलनीच्या चौकात पोहोचून फोन लावला तर एजंट म्हणाला, "ताई, तिथं नको, मी नवीन लोकेशन पाठवतो." सात घरं, दोन आज्या, संध्याकाळचे सहा. जाणार कुठे?

म्हणून आता पैसे पाठवायच्या आधी तीन गोष्टी मागते. जागेवरच्या माणसाचा नंबर, जागेचं लोकेशन, आणि आत्ता काढलेला टॉयलेटचा व्हिडिओ. देखाव्याचा नको, टॉयलेटचाच. जो एजंट जागेवर नसतो तो इथे अडखळतो. युपीआयवर दिसणारं नाव कुणाचं हेही विचारते. ॲडव्हान्स पाव रकमेहून जास्त देत नाही. किती तंबू, काय काय जेवण, पाऊस आला तर काय, रद्द केलं तर किती परत, हे एका मेसेजमध्ये लिहून पाठवते आणि "ओके" येईपर्यंत थांबते. पुढे वाद झालाच तर तो "ओके" हाच पुरावा.

६. थोडा खर्च: बरोबर न्यायचं सामान

प्रत्येकाला एक टॉर्च, डोक्याला लावायची असेल तर उत्तम. टमरेल (हसू नका). साबण, दोरी, चार चिमटे. जाड सतरंजी किंवा फोमची मॅट, कारण थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते. दोन रजया पांघरण्यापेक्षा एक अंगाखाली टाकलेली बरी. कानात घालायचे बोळे आणि डासांचं मलम.

'चार जणांचा' तंबू म्हणजे चार जण खांद्याला खांदा लावून, बॅगा बाहेर. चौघांना दोन तंबू लागतात असं धरूनच हिशेब करा.

पेटती सिगडी किंवा निखाऱ्यांची घमेली तंबूत कधीही, पाच मिनिटंसुद्धा, न्यायची नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, धूर दिसत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि ती झोप थंडीतली गाढ झोप आहे असंच वाटतं. विझत आलेली सिगडी जास्त फसवी. गार रात्री मालक प्रेमाने आणून देतो. त्याला तेवढ्याच प्रेमाने परत पाठवा. कासवछाप तंबूत लावणंही तसंच मूर्खपणाचं आहे, कापड भसकन पेटतं.

७. अर्धा दिवस आणि पेट्रोल: आधी जाऊन बघणं

दहाहून जास्त माणसं नेणार असाल तर आम्ही दोघंजण आधीच्या आठवड्यात जाऊन येतो तसे जाऊन या. चिंचवडहून कामशेतमार्गे दीड-दोन तास. एकदा बघितलेली जागा पुढची दोन-तीन वर्षं चालते, त्यामुळे हा खर्च दिसतो तेवढा मोठा नाही. शक्यतो रविवारी सकाळी दहाला जा: शनिवारची रात्र उलटून गेल्यावर टॉयलेट, कचरा आणि कामगारांचे चेहरे, तिन्ही खरं बोलतात.

तिथे काय बघायचं? पहिलं म्हणजे वायरी. तंबूंवर दिव्यांच्या माळा टांगलेल्या असतात, त्यांचे जोड चिकटपट्टी गुंडाळून गवतात सोडलेले असतात आणि पहाटे त्याच गवतावर दव पडतं. मेन बोर्ड दाखवा म्हणायचं, त्यात ईएलसीबी (वीज गळायला लागली की आपोआप तोडणारा स्विच) आहे का बघायचं आणि त्याचं टेस्टचं बटण मालकाला दाबायला सांगायचं. खटकन वीज गेली तर ठीक. दाबून काहीच झालं नाही तर ते नुसतं शोभेचं आहे.

दुसरं, खरकटं कुठे टाकतात. उघड्यावर टाकत असतील तर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या आपल्याकडच्या चार मुख्य विषारी सापांत तंबूच्या दृष्टीने मला भीती मण्यारीची. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावा इतका बारीक की कित्येकदा जागच येत नाही. म्हणून खालची चेन रात्रभर बंद, चपला-बूट आत, सकाळी झटकूनच पाय घालायचा. हे पोरांना गोष्टीसारखं सांगा, धाक घालू नका, नाहीतर ती झोपत नाहीत. जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं आणि तिथे सर्पदंशावरची लस असते का, हे याच फेरीत कळून घ्या.

तिसरं, पाणी. काठाला कुंपण आहे का, नावेत प्रत्येकाच्या मापाचं लाईफ जॅकेट मिळतं का. धरणाचा काठ नदीच्या पायऱ्यांसारखा नसतो. चार पावलं गुडघाभर आणि पाचव्याला तळ नाही, खाली गाळ. पोहता येणारी माणसं इथे बुडतात ती यामुळे. आमच्या ग्रुपचा नियम असा की धरणात पोहायचं नाही, कुणीच नाही.

बाकी डोक्यावर वाळकी फांदी नाही ना, तंबू खोलगटात नाही ना, रात्री गाडी काढायला वाट मोकळी राहते ना, एवढं नजरेने होतं.

८. सगळ्यात महाग आणि सगळ्यात खात्रीचा उपाय

शेजारी चांगले हवेत तर शेजारी आपणच आणायचे. दहा-बारा तंबूंची छोटी जागा बघून ती अख्खी घ्यायची. सहा-सात घरं मिळून माणशी दर थोडाच वाढतो, आणि रविवारची रात्र असेल तर मालक आनंदाने देतो. स्वयंपाकीसुद्धा आपलं ऐकतो, तिखट कमी म्हटलं की कमी.

इथे एक कबुली द्यायला हवी. तिसऱ्या-चौथ्या वर्षी आम्ही अंताक्षरीला बसलो होतो. स्पीकर नाही, दारू नाही, सगळे सज्जन. साडेबाराला पलीकडच्या तंबूतून एक गृहस्थ तान्हं बाळ खांद्यावर घेऊन आले आणि हात जोडून म्हणाले, "काकू, जरा हळू." काकू म्हणजे मी. तेव्हापासून आमच्यात दहाला गाणी बंद, मग पत्ते.

पोहोचल्यावर अजूनही करता येण्यासारखं

तंबू वाटले जाण्याआधी पोहोचा. कडेचा, शेकोटीपासून आणि नाचायच्या जागेपासून लांबचा मागा; टॉयलेट नजरेच्या टप्प्यात पण वाऱ्याच्या खालच्या बाजूला. सकाळी आठला उन्हाने तंबूची भट्टी होते, म्हणून पूर्वेला झाड असेल तर उत्तम. अंधार पडायच्या आत शेजारच्या ग्रुपला जाऊन भेटा, पोरांना घेऊन. "आमची लहान आहेत, दहानंतर जरा सांभाळा" हे सहाला भजीची ताटली हातात धरून सांगितलं तर बहुतेक पोरं ऐकतात. तेच साडेअकराला ओरडून सांगितलं तर भांडण. दहा वाजून गेलेच तर आधी जागेवरच्या माणसाला सांगा, मग मालकाला फोन. स्वतः जाऊ नका.

इथे थांबा, आणि ज्याचं काम त्याला बोलवा

प्यालेला घोळका अंगावर येतोय, बायकांना काही बोलतोय, मालक फोन उचलत नाही: ११२. समजावत बसू नका, पोरांना गाडीत बसवा, काचा वर. मध्यरात्री निघून आलेलो आहोत आम्ही एकदा, सगळे पैसे भरलेले असताना. पवनानगरला चहा मिळाला नाही, पण सगळे धड घरी आलो.

नळाला, खांबाला किंवा शॉवरला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तिथली वीज मेनपासून बंद करायला लावा आणि तिथे पुन्हा कुणाला जाऊ देऊ नका. आपल्यातल्या कुणा इंजिनिअरने पक्कड घ्यायची नाही. वायरमन येईपर्यंत टॉर्चवर भागवा, नाहीतर जागा सोडा.

साप चावला असं नुसतं वाटलं तरी १०८, आणि रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर आपल्या गाडीतून सरकारी रुग्णालय. करकचून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, साप मारायला पळायचं नाही. चावलेला भाग न हलवता माणसाला शांत ठेवायचं, अंगठी-बांगड्या काढायच्या. कोकणात लाल विंचवालाही इतकंच गांभीर्याने घ्या, विशेषतः लहान मूल असेल तर. घाम सुटणं, उलट्या, हातपाय गार पडणं दिसलं की वाट बघायची नाही. या विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे औषध चालतं हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं, त्यामुळे उपचार आहे. उशीर मात्र नको.

दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखतंय, उलटी होतेय आणि तंबूजवळ सिगडी होती: सगळ्यांना उघड्यावर ओढा आणि रुग्णालयात न्या, बरं वाटायला लागलं तरी.

कुणी पाण्यात गटांगळ्या खातंय तर उडी मारू नका. दोरी, रिकामा कॅन, लाईफ जॅकेट, मिळेल ते फेका आणि गावकऱ्यांना हाक मारा. त्यांना काठ माहीत असतो.

मेमध्ये वळिवाचे ढग भरून आले, गडगडायला लागलं, तर तंबू मोजत बसू नका. तंबू वीज अडवत नाही आणि वाऱ्यात टिकत नाही, झाडाखाली तर मुळीच थांबायचं नाही. पक्कं घर नाहीतर काचा बंद केलेली गाडी.

पैशांचा वाद असेल तर तो तिथे गेटवर रात्री घालू नका. फोटो काढा, तो "ओके"चा मेसेज जपून ठेवा, आणि घरी आल्यावर ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ वर, तक्रार नोंदवा.

घरात सहा महिन्यांचं बाळ असेल किंवा आजींना जमिनीवरून उठवायला दोघं लागत असतील तर तंबूचा हट्टच सोडा. एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, भंडारदऱ्याला खोली मिळते, पाणी खिडकीतून दिसतं. नाहीतर पर्यटन विभागाकडे नोंदणी असलेलं एखादं कृषी पर्यटन केंद्र: खाट, कमोड, गाई-वासरं आणि सातला गरम भाकरी. गेल्या डिसेंबरात आम्ही पोरांचे तीन तंबू केंद्राच्या अंगणात लावले आणि आज्यांना आत खोली दिली. सासूबाईंनी परतताना पोह्यांचा विषय काढला नाही. पुढच्या वेळी कधी जायचं ते विचारलं.